नाव तिचं, ओटीपी त्याचा

मैत्रिणींनो, 'तीन टक्के' हा आकडा तुमच्यापैकी किती जणींनी ऐकला आहे? पन्नास टक्के आपल्याला चांगलं ठाऊक आहे. ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत, नगरपरिषदेत निम्म्या जागा बायकांच्या, हे आता शाळेतल्या मुलीलाही पाठ आहे. एसटीचं अर्धं तिकीट तर आपल्या बोलण्यातलंच झालं. तीन टक्क्यांबद्दल मात्र हळदीकुंकवात, भिशीत किंवा बचत गटाच्या बैठकीत कुणी चकार शब्द काढत नाही.

सांगते. केंद्र सरकारची खाती आणि सरकारी कंपन्या वर्षभरात जी खरेदी करतात, त्यातला एक वाटा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यावा, असा आदेश २०१२ साली निघाला. सुरुवातीला हा वाटा वीस टक्के होता, २०१५ पासून तो बंधनकारक झाला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये पंचवीस टक्क्यांवर गेला. त्याच वेळी पहिल्यांदा बायकांचं नाव त्यात आलं. म्हणजे शंभर रुपयांच्या खरेदीत पंचवीस रुपयांची लहान उद्योगांकडून, आणि त्या पंचवीसमधली तीन रुपयांची बायकांच्या मालकीच्या उद्योगांकडून. चार रुपयांची खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करायची, हे आधीपासूनच होतं. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी भगिनीला तर ही दोन्ही दारं उघडी आहेत.

तीन रुपये म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण सरकारच्या खरेदीचे शंभर रुपये आपल्या पर्समधले नसतात. सरकारने २०१६ साली 'जेम' नावाचा ऑनलाइन बाजार सुरू केला. गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस हे त्याचं पूर्ण नाव. या एका बाजारातून २०२३-२४ या एका वर्षात चार लाख कोटी रुपयांहून अधिक खरेदी झाली. त्यात खुर्च्या-टेबलं आली, तसे संगणक, प्रिंटर, कॅमेरे, हजेरीची यंत्रं, त्यांची वार्षिक देखभाल, डेटा एंट्री, जुन्या कागदांचं स्कॅनिंग हेही आलं. यातली पुष्कळ कामं आपल्या गावातली मुलगी करू शकते, आणि मला आज बोलायचं आहे ते याच कामांबद्दल.

मनात येईल, कॉम्प्युटरची कामं आपल्याला कोण देणार? आठवून बघा. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली आणि पुढची कितीतरी वर्षं घराघरातल्या मुली, सुना सकाळ-संध्याकाळच्या बॅचला जाऊ लागल्या. सरकारी नोकरीला ते सर्टिफिकेट लागायचं. नोकरी सगळ्यांना थोडीच मिळाली? सर्टिफिकेट कपाटात गेलं, तिच्या हातातली कला मात्र राहिली. आज बोईसरच्या नाक्यावर, पालघर स्टेशनच्या आसपास, सफाळ्याला, डहाणूला छोट्या छोट्या दुकानांत बायका मराठी टायपिंग करतात, ऑनलाइन अर्ज भरतात, प्रिंटरची कार्ट्रिज भरून देतात. काही जणी संगणक उघडून दुरुस्तही करतात. त्यांच्यापासून सरकारचं कार्यालय लांब नाही. पण त्या कार्यालयाच्या खरेदीत त्यांचं नाव शोधून सापडणार नाही.

आपल्या भागाची तर गोष्टच वेगळी आहे. तारापूरचं अणुवीज केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यावसायिक वीज देऊ लागलं. देशातलं ते पहिलं. पुढे तिसरं आणि चौथं युनिट उभं राहिलं, तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. घरं, अंगणं आणि समुद्राकाठचं सगळं जगणं सोडून माणसं दुसरीकडे वसली. हे केंद्र चालवणारी एनपीसीआयएल ही केंद्र सरकारची कंपनी आहे, म्हणून पंचवीस आणि तीन टक्क्यांचा नियम तिला लागू आहे. शेजारी भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रकल्प आहेत. पोस्ट आहे, रेल्वे आहे, बीएसएनएल आहे. केंद्राच्या पैशाने खरेदी करणारी इतकी कार्यालयं एका तालुक्यात क्वचितच असतील. ज्या मातीने जमीन दिली, त्या मातीतल्या लेकी-सुनांना या खरेदीत किती जागा मिळाली, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. उद्या वाढवणचं बंदर येईल. त्याची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये झाली. मच्छीमार बांधवांचा त्याला विरोध आहे आणि तो प्रश्न फार मोठा आहे, तो इथे दोन ओळींत उरकण्यासारखा नाही. पण सरकारी खरेदी वाढणार हे दिसत असताना आपण 'बघू पुढे' म्हणून बसलो, तर पुढे बघायलाही काही उरणार नाही.

सवलती नेमक्या काय आहेत, तेही सोप्या शब्दांत सांगते. सूक्ष्म-लघु उद्योगाला निविदेचा फॉर्म फुकट मिळतो. बयाणा रक्कम, म्हणजे निविदा भरताना अडकवून ठेवावी लागणारी अनामत, भरावी लागत नाही. ज्या बाईने चार पैसे जोडून दुकान टाकलं, तिच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. शिवाय भावाची एक सवलत आहे. समजा, मोठ्या कंपनीने सर्वांत कमी, शंभर रुपये भाव दिला आणि तुम्ही एकशे बारा दिला. तुमचा भाव पंधरा टक्क्यांच्या आत आहे, म्हणून तुम्हाला विचारलं जातं, 'शंभरात देता का?' तुम्ही हो म्हटलंत, तर काम विभागता येण्याजोगं असेल तेव्हा त्यातला पंचवीस टक्के भाग लहान उद्योगांना मिळतो.

म्हणजे सरकार आपल्याला एक पैसाही जास्त देत नाही. हे मुद्दाम सांगते आहे, कारण 'बायकांना फुकट वाटायला सरकारकडे पैसा आहे' असं म्हणणारे काका प्रत्येक कॉलनीत असतात. त्यांना सांगा, भाव तोच, माल तोच, फक्त दाराशी उभं राहायला जागा दिली आहे.

'जेम'मुळे हे दार आणखी सोपं झालं, असं म्हणतात, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पूर्वी निविदा कुठे निघाली हे कळायलाच ओळख लागायची. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरातली जाहिरात, मग साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर बसणं, मग 'उद्या या'. आता घरबसल्या नोंदणी होते आणि मोबाईलवर निविदा दिसते. २०१९ मध्ये बदललेल्या नियमांत पंचवीस हजारांपर्यंतची वस्तू कार्यालयाने 'जेम'वरून थेट घ्यावी आणि पाच लाखांपर्यंत निदान तीन विक्रेत्यांचे भाव बघून घ्यावी, अशी सोय होती. पुढे या मर्यादा वाढल्या. २०१९ साली बायकांच्या उद्योगांसाठी 'वुमनिया' नावाचा वेगळा उपक्रमही याच बाजारात सुरू झाला.

मग अडलं कुठे? मला अडचण दिसते ती एका सहा आकडी संख्येत. ओटीपीत.

बचत गटांच्या कामानिमित्त मी बोईसर-पालघरच्या पट्ट्यात फिरते. कुणाचा उद्योग बाईच्या नावावर आहे असं कळलं, की मी हटकून विचारते, 'नोंदणीला नंबर कुणाचा दिलाय?' उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं, 'ह्यांचा.' ई-मेल? 'ह्यांचाच.' पासवर्ड? 'ते सगळं हेच बघतात.' बँकेच्या खात्याचा मेसेजही त्यांच्याच फोनवर जातो. एका मैत्रिणीने तर हसत हसत सांगितलं, 'ताई, मी फक्त सहीपुरती मालकीण.' ती हसली, मला हसू आलं नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण आपल्या आज्यांनी उगाच नाही केली.

नियमाच्या भाषेत बाईचा उद्योग कुणाला म्हणायचं, हे स्पष्ट आहे. एकटीचा धंदा असेल तर मालक बाई हवी. भागीदारी असेल किंवा खासगी कंपनी असेल, तर किमान एक्कावन्न टक्के हिस्सा बायकांचा हवा. कागदावर हे दाखवणं सोपं आहे. पॅनकार्ड तिचं, आधार तिचं, झालं! तीन टक्क्यांचा रकाना भरला, सरकारी अहवालात एक बाई वाढली, आणि घरात मात्र त्या बाईला आज कुठली ऑर्डर आली हेही ठाऊक नाही.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्रालयाने २०२४ च्या सुरुवातीला उद्यम नोंदणीचे आकडे दिले होते. नोंदलेल्या उद्योगांपैकी साधारण साडेवीस टक्के, म्हणजे पाचातला एक, बाईच्या मालकीचा. एकूण उलाढालीत मात्र त्यांचा वाटा दहा टक्क्यांच्या जरासा वर, दहातला एक. बायकांचे उद्योग लहान असतात, त्यांना भांडवल कमी मिळतं, ही कारणं आहेतच. पण जे साडेवीस टक्के आपण अभिमानाने सांगतो, त्यातल्या किती जणी खरोखर गल्ल्यावर बसतात, हे त्या आकड्यात दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय बिघडलं? घरातलाच माणूस आहे ना? संसार दोघांचा, धंदा दोघांचा. अगदी मान्य. नवऱ्याने मदत करू नये असं मी मुळीच म्हणत नाही. त्याने माल आणावा, गिऱ्हाइकाकडे जावं, रात्री हिशेबाला बसावं. पण मदत करणं वेगळं आणि बाईच्या नावामागे उभं राहून सगळा कारभार करणं वेगळं. 'सरपंचपती' हा शब्द आपल्याकडे का तयार झाला, हे सांगायला नको.

आणि बिघडतं ते असं. एकटीच्या नावावरच्या धंद्यात देणं झालं, तर ते तिच्या गळ्यात येतं. धंद्याचं कर्ज आणि घरचा पैसा यांत कायदा भिंत मानत नाही. जीएसटी भरला नाही, तर नोटीस तिच्या नावावर निघते. माल निकृष्ट निघाला आणि काळ्या यादीत नाव गेलं, तर तेही तिचंच. आमच्या ओळखीतल्या एका बाईच्या यजमानांना अचानक देवाज्ञा झाली. धंदा तिच्या नावावर होता. पण फोनला लॉक, ई-मेलचा पासवर्ड ठाऊक नाही, कुणाकडून किती येणं आहे याचा पत्ता नाही. स्वतःच्याच दुकानाची किल्ली मिळवायला तिला कित्येक महिने कागद घेऊन हिंडावं लागलं. सवलत हवी म्हणून नाव देताना हा धोका तिला कुणी समजावून सांगितला होता?

बायकांचं नाव पुढे करून मागून भलत्यानेच खरेदीचा मलिदा खाणं आपल्या महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर पाहिलेलं आहे. अंगणवाडीतल्या मुलांचा खाऊ ठेकेदारांकडून घेऊ नका, बचत गट आणि महिला मंडळांना काम द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलं होतं. पुढे काय झालं? न्यायालयाने नेमलेल्या अन्न आयुक्तांच्या २०१२ च्या अहवालात महाराष्ट्रातलं चित्र आलं, की नाव महिला संस्थांचं आणि मागे ठेकेदार. नंतर २०१६ मध्ये नवी निविदा निघाली, तर तिच्यात लहान लहान प्रकल्प जोडून मोठे गट केलेले आणि उलाढालीच्या अटी अशा, की साधा बचत गट दाराशीही पोचू नये. काही महिला बचत गट हे प्रकरण घेऊन न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रक्रिया रद्द करून बचत गटांना झेपतील अशा अटींनी नव्याने निविदा काढायला सांगितलं. त्या बचत गटांतल्या बायका वकील नव्हत्या. पण कारभार त्यांच्या हातात होता, म्हणून अट कुठे बोचते हे त्यांना कळलं आणि त्या लढल्या. जिला अटच माहीत नाही, ती कशी लढणार?

खाऊच्या बाबतीत जे घडलं, तेच संगणकाच्या बाबतीत घडू शकतं. किंबहुना जास्त सहज घडू शकतं, कारण अटी इंग्रजीत असतात आणि शब्द तांत्रिक असतात. 'तीन वर्षांची इतकी उलाढाल हवी', 'मूळ कंपनीचं अधिकारपत्र हवं', 'संपूर्ण जिल्ह्याचं काम एकाच ठेकेदाराला'. प्रत्येक अट वाचायला वाजवी वाटते. सगळ्या एकत्र आल्या, की बोईसरच्या गाळ्यातली बाई आपोआप बाहेर.

मोठ्या, एकगठ्ठा खरेदीने कामं छान होतात, असंही नाही. अंगणवाडी सेविकांचे मोबाईल आठवतात ना? पोषण अभियानात २०१९ च्या सुमारास राज्यभर एक लाखाहून अधिक फोन वाटले गेले. फोनची मेमरी तोकडी, फोन तापायचा, अडकायचा. माहिती भरायचं अॅप इंग्रजीत. बिघडला तर दुरुस्तीचा खर्च आमच्याच माथी येतो, अशी सेविकांची तक्रार होती. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते फोन सरकारला परत करायचं आंदोलन केलं. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरची सेविका बिघडलेला फोन घेऊन कुठे जाणार होती? फोनची खरेदी एकत्र करा, हरकत नाही. पण दुरुस्तीचं, शिकवण्याचं, देखभालीचं काम तालुक्याला वाटून दिलं असतं, तर जव्हारमधल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीला ते मिळालं असतं आणि सेविकेचा फोनही दोन दिवसांत हातात आला असता. लहान उद्योगाला काम देणं हा उपकार नाही. ज्याचं दुकान गावात आहे, तो पळून जात नाही, हा साधा व्यवहार आहे.

बाकीच्या जगातही हे सहज झालेलं नाही. अमेरिकेसारख्या देशाने सरकारी कंत्राटांतले पाच टक्के बायकांच्या उद्योगांना द्यायचं असं १९९४ मध्ये ठरवलं. ते उद्दिष्ट पहिल्यांदा गाठलं गेलं २०१५ च्या आर्थिक वर्षात. एकवीस वर्षं लागली! म्हणून आपल्याकडे टक्का हळू हलतो आहे याचं नवल वाटू नये. पण तो आपोआप हलेल, असंही समजू नये.

तर मग काय करायचं? आधी कार्यालयांकडून आपली अपेक्षा. कुणी किती खरेदी लहान उद्योगांकडून केली, यावर लक्ष ठेवायला केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये 'संबंध' नावाचं पोर्टल सुरू केलं. आकडे तिथे कंपनीवार असतात. आम्हाला आमच्या भागाचा आकडा हवा. तारापूरच्या, पालघरच्या कार्यालयांनी वर्षातून एकदा फलकावर लिहावं, की इथल्या किती बायकांकडून काय घेतलं. दुसरं, विक्रेत्यांचे मेळावे घ्यायला हवेत असं मूळ आदेशातच आहे. ते मुंबईच्या हॉटेलात नकोत. बोईसरला, डहाणूला घ्या, दुपारी बारा ते तीन या वेळेत घ्या, आणि मराठीत घ्या. तिसरं, नोंदणी बाईच्या नावावर असेल, तर ऑर्डरआधी त्या बाईशी दोन मिनिटं बोला. तिला परीक्षा नको. पण 'तुम्ही काय पुरवता?' एवढं विचारलं, तरी खरी मालकीण कोण ते कळतं.

जिल्हा परिषद आणि नगरपरिषद यांना केंद्राचा हा तीन टक्क्यांचा नियम लागू नाही, हेही लक्षात ठेवा, नाहीतर तिथे जाऊन वाद घालाल आणि परत याल. पण तिथे निम्म्या खुर्च्यांवर आपल्याच भगिनी बसल्या आहेत. जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, आठ तालुके आहेत. शाळांचे संगणक, दवाखान्यांचे प्रिंटर, कार्यालयांचे कॅमेरे यांची देखभाल तालुकावार करा, असा ठराव त्या मांडू शकतात. त्याला दिल्लीच्या आदेशाची गरज नाही.

पैशाचंही बोललं पाहिजे. सरकारी काम म्हणजे बिल लटकणार, ही भीती खोटी नाही. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायला हवेत. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. तक्रारीसाठी २०१७ पासून 'समाधान' नावाची ऑनलाइन सोय आहे. पण ज्या कार्यालयाकडून पुढचं काम हवं, त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? पाण्यात राहून माशाशी वैर! म्हणून हे एकटीने करायचं काम नाही. दहा जणींचा गट असेल, तर पत्र गटाच्या नावाने जातं आणि कुणा एकीवर डूख धरला जात नाही. बचत गटात आपण वर्षानुवर्षं हेच तर शिकलो.

आणि आता आपल्याकडून काय हवं ते. पहिली गोष्ट, स्वतःचा फोन नंबर. आधारला जोडलेला, रिचार्ज केलेला, आपल्याच पर्समध्ये असलेला. दुसरी गोष्ट, स्वतःचा ई-मेल, ज्याचा पासवर्ड आपल्या डोक्यात आहे. तिसरी, उद्यम नोंदणी पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला आणि तशाच नावाच्या खोट्या वेबसाइटला भुलू नका. 'भाऊ, सगळं मी करून देतो, तुम्ही फक्त ओटीपी सांगा' असं म्हणणारा भेटला, तर त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

चौथी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. खरेदीतल्या या सवलती वस्तू बनवणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या उद्योगांना आहेत, नुसत्या घेऊन विकणाऱ्यांना नाहीत. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये नोंदणी खुली झाली, पण ती बँकेच्या कर्जाच्या फायद्यापुरती. म्हणजे मुंबईहून प्रिंटर आणून विकलात, तर हा लाभ नाही. तोच प्रिंटर वर्षभर दुरुस्त ठेवायचं काम घेतलंत, तर आहे. दप्तरांचं स्कॅनिंग, मराठी टायपिंग, डेटा एंट्री, कर्मचाऱ्यांना संगणक शिकवणं, हे सगळं सेवेत येतं. यासाठी मोठं गोदाम लागत नाही. एक खोली, दोन संगणक आणि वेळेवर काम देण्याची सवय लागते. ही सवय आपल्याइतकी कुणाला आहे? सकाळी सातच्या शाळेचा डबा ज्या बाईने दहा वर्षं चुकवला नाही, तिला मुदत पाळायला काय शिकवायचं!

भाषेची भीती वाटते, खरं आहे. निविदा इंग्रजीत असते. पण घरात बारावी झालेली मुलगी असते, भाची असते. तिला शेजारी बसवा. पहिली निविदा वाचायला संध्याकाळ जाईल, पाचवी अर्ध्या तासात होईल. पहिल्याच वेळी काम मिळेल असं नाही. पण का मिळालं नाही, हे आपल्याला स्वतःला समजलं, तर पुढच्या वेळी चूक टळते. 'ह्यांनी भरलं होतं, लागलं नाही' एवढंच समजलं, तर काहीच शिकायला मिळत नाही.

सरकारने दार सोपं केलं, ते आणखी सोपं करायला लावू. अटी कमी करा, कामं लहान करा, पैसे वेळेवर द्या, हे मागत राहू. पण सोप्या झालेल्या दारातून आपलं नाव घेऊन दुसरंच कुणी आत जाणार असेल, तर त्या तीन टक्क्यांचा आपल्या आयुष्याशी काय संबंध?

ज्यांच्या नावावर उद्योग नोंदलेला आहे, त्यांनी आज जेवणं आटोपल्यावर एक काम करा. उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र फाईलमधून काढा. त्यावर मोबाईल नंबर छापलेला असतो. तो कुणाचा आहे, तेवढं बघा. तुमचा असेल, तर छान. नसेल, तर भांडू नका, फक्त शांतपणे सांगा, 'उद्या हा बदलायचा आहे.' त्यावर घरात जे बोलणं निघेल ना मैत्रिणींनो, तिथूनच आपली खरी मालकी सुरू होईल.